कोंडाजी, थोडं डावीकडं

लाइट आता लवकर यायची नाही. कंदील जरा जवळ ओढून घ्या, आणि चहा गार करू नका. मघाशी तुम्ही विचारलंत ना, की डोंगरावरच्या लेण्यात पूर्वी म्हणे आरशानं उजेड पाडून मूर्ती दाखवायचे, ते बंद का झालं? विचारलंत म्हणून सांगते. दाखवणारे दुसरे कुणी नव्हते. मी आणि आमचे हे.

आमचे हे सातपूरला कारखान्यात होते. पहिली पाळी असली की दुपारीच घरी यायचे, आणि घरात बसवायचं नाही म्हणून लेण्यांच्या पायथ्याशी जाऊन उभे राहायचे. नाशिक बघायला येणाऱ्या माणसाचा एक ठरलेला फेरा असतो. सकाळी रामकुंड, मग पंचवटी, दुपारी जेवून झोप, उन्हं कलली की पांडवलेणी, आणि परत गावात जाऊन गंगेवर, म्हणजे आमच्या नदीच्या घाटावर, भेळ नाहीतर सिनेमा. लेण्यांपर्यंत येईस्तोवर माणसं बघून बघून इतकी दमलेली असायची की पायऱ्या चढून आल्यावर आतल्या अंधारात नुसती डोकवायची, "काही दिसत नाही" म्हणायची आणि उतरायला लागायची. ह्यांना त्याचा फार राग यायचा. एवढ्या लांबून येतात आणि आमच्या बुद्धाला अंधारात टाकून जातात, म्हणायचे. त्या रागातून तो आरसा घरात आला. भंगारवाल्याकडून आणलेला, कुठल्याशा कपाटाच्या दाराचा, कमरेएवढा उंच, एका कोपऱ्याला तडा गेलेला.

लेण्यांचं तोंड उत्तरेकडं. आत ऊन म्हणून शिरत नाही. पण उन्हाळ्यात सूर्य मावळायला उत्तरेकडं सरकतो, तेव्हा पश्चिमेच्या टोकाला जो कातळाचा कट्टा आहे, तिथं संध्याकाळचं ऊन सापडतं. हे त्या कट्ट्यावर आरसा घेऊन उभे राहायचे आणि ऊन मोठ्या लेण्याच्या दारातून आत फेकायचे. आत मी. बांबूच्या चौकटीवर पांढरी चादर ताणून बसवलेली, ती दोन्ही हातांनी समोर धरून मी गाभाऱ्याच्या तोंडाशी उभी. ऊन चादरीवर पडलं की मऊ व्हायचं आणि मागं भगवंताच्या चेहऱ्यावर पसरायचं. बडबड करत आलेली माणसं तेवढ्यापुरती गप्प व्हायची. एखादी म्हातारी हात जोडायची. मला तेवढं पुष्कळ वाटायचं.

अडचण एकच. कट्ट्यावरून ह्यांना लेण्याच्या आतलं काही दिसत नसे, आणि मला हे दिसत नसत. सूर्य तर कुणासाठी थांबत नाही, झोत सारखा घसरायचा. मग मी आतून ओरडून सांगायचं, डावीकडं, उजवीकडं, जरा वर. आणि त्या लेण्यात "अहो" म्हणून हाक मारली तर ती आतल्या आत घुमत राहते, बाहेर जातच नाही. म्हणून नावानं हाक मारावी लागायची. नवऱ्याचं नाव! आमच्या वस्तीत कुणी बाई घेत नव्हती. मीसुद्धा घरी, दारी, बाजारात कधी घेतलं नाही. फक्त तिथं, अंधारात, चादरीमागं उभी राहून मी मोठ्यानं म्हणायची, "कोंडाजी, थोडं डावीकडं." आणि ऊन डावीकडं सरकायचं. खरं सांगते, मला ते फार आवडायचं. कधी कधी झोत बरोबर जागेवर असला तरी मी उगाच हाक मारायची. खाली उतरताना हे म्हणायचे, आज जास्तच हुकूम सोडत होतीस.

पंचाहत्तर सालचा वैशाख होता. मी गिरणीतून दळण घेऊन परत येत होते, डोक्यावर गरम पिठाचा डबा. बघते तर आमच्या दारात एक परका माणूस उभा. चणीनं लहान, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला झोळी, चेहरा आपल्याकडचा नाही हे लांबूनही कळावं असा. मला बघून त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "जय भीम, बाई. लेण्यात उजेड दाखवणारे आपणच का?"

मराठी पुस्तकातलं, पण उच्चार वेगळे. त्यांचं नाव ताम. पुण्यात पाली भाषा शिकायला आले होते, दोनेक वर्षं झाली होती, तिथंच मराठी शिकले. नाशिकला बौद्धवाड्यातल्या विहारात उतरले होते, आणि तिथं कुणीतरी त्यांना आमच्या उजेडाबद्दल सांगितलं होतं. मी डबा उतरवून पाणी दिलं आणि गाव विचारलं. म्हणाले, सायगॉन. मी म्हटलं, सायगाव म्हणजे येवल्याकडचं का? तर ते हसले. पुष्कळ दिवसांनी हसले असावेत, कारण हसणं थांबल्यावर त्यांचे डोळे भरून आले आणि ते आम्हा दोघांना सगळं सांगत बसले.

त्यांच्या देशातली लढाई नुकतीच संपली होती. रेडिओवर एवढंच कळलं होतं की शहर पडलं. त्यांची बायको आणि मुलगी तिथं होती. मुलगी लान, सहा-सात वर्षांची. त्या दिवसापासून ना पत्र, ना तार. ज्यांना विचारता येईल त्या सगळ्यांना विचारून झालं होतं, कुणी काही सांगू शकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते मुंबईला जाऊन मिळेल त्या वाटेनं घरी निघणार होते. वाट कुठली, ती उघडी आहे की बंद, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मला म्हणाले, त्या जिवंत आहेत एवढं जरी कळलं तरी मी चालत जाईन. निघण्याआधी एकदा बुद्धाचा चेहरा नीट बघायचा होता.

ह्यांनी आकाशाकडं बघितलं आणि म्हणाले, उशीर झालाय, ऊन जेमतेम घटकाभराचं आहे. मी म्हटलं, आहे तेवढं पुरे, चला. गोणपाटात गुंडाळलेला आरसा ह्यांच्या काखेत, चादरीची चौकट माझ्या डोक्यावर, आणि मागं ते. चढताना ते थांबून थांबून खाली बघत होते. तिथून नाशिक सगळं दिसतं. गावात एखाददुसरा दिवा आधीच लागला होता. त्यांनी विचारलं, तुमच्या शहरात पाहुण्यांना रात्री काय दाखवता? मी म्हटलं, आमच्याकडं काय, घाटावर बसायचं, उसाचा रस प्यायचा, सिनेमा बघायचा, झोपायचं. ते म्हणाले, आमच्याकडे रात्रीच शहर सुरू होते. रोज संध्याकाळी ते लानला घेऊन निघायचे, आणि कुठं वळायचं ते ती सांगायची.

मोठ्या लेण्यात शिरलं की आधी वटवाघळांचा वास येतो, मग गार दगडाचा. बाहेर उकाडा मरणाचा होता आणि आत पाय टाकला की घाम अंगावर गार व्हायचा. खाली रस्त्यावरचे ट्रक तिथं ऐकू येत नाहीत. आपलाच श्वास ऐकू येतो, आणि तोसुद्धा जरा उशिरा. मी गाभाऱ्यापाशी चौकट धरून उभी राहिले. दुसरं कुणी पाहुणं नव्हतं त्या दिवशी. ताम दालनात, माझ्यासमोर जरा बाजूला उभे. मग दारातून ऊन आलं, पिवळं, थकलेलं. चादरीवर पडलं, मागं मूर्तीवर पसरलं. त्यांनी गुडघे टेकले. बराच वेळ त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. माणूस असं मागतो तेव्हा त्याच्याकडं बघू नये असं मला वाटतं.

झोत घसरायला लागला, तशी मी हाक मारली. कोंडाजी, थोडं डावीकडं. सरकला. पुन्हा घसरला, पुन्हा हाक मारली. ऊन पिवळ्याचं तांबडं झालं, तांबड्याचं काळपट. आता संपलंच, आवरावं, असं मनात आलं, आणि तेवढ्यात एकदम लख्ख पांढरा उजेड चादरीवर आला. मला वाटलं ह्यांना कुठूनतरी शेवटची तिरीप सापडली. पण मागं वळून बघते तर मूर्तीचा चेहरा अंधारात. उजेड चादरीवरच थांबला होता, पलीकडं जात नव्हता. आणि चादर उबदार झाली होती, नुकती इस्त्री फिरवल्यासारखी.

ताम उठून उभे राहिले. हळूहळू पुढं आले. चादरीच्या अगदी समोर, झोताच्या मध्ये. त्यांची सावली चादरीवर पडायला हवी होती. पडली नाही.

"बाई," ते म्हणाले, "हे… हे आमचे आहे."

मी चौकट तशीच धरून मान पुढं काढली आणि वरून वाकून बघितलं. चादरीवर एक रस्ता होता. रात्रीचा. दोन्ही बाजूंना चिंचेची मोठी झाडं, त्यांच्यातून टांगलेले रंगीत दिवे, आणि खाली माणसंच माणसं. चित्र नव्हतं ते. माणसं चालत होती. लांब झग्यातल्या पोरी सायकलवरून जात होत्या, एका हातानं झग्याचं टोक सावरत. समोर बाक असलेल्या सायकलरिक्षा, त्यात ऐटीत बसलेली माणसं, मागून पाय मारणारा रिक्षावाला. आवाज मात्र नव्हता. सगळं शहर मुक्यानं चाललं होतं. पण वास येत होता. तळलेल्या माशाचा, उदबत्तीचा, पेट्रोलचा, नुकत्याच पडून गेलेल्या पावसाचा. नाशिकला पावसाला अजून महिना होता.

मला भीती वाटायला हवी होती, पण तेव्हा वाटली नाही. जत्रेत पोरीबाळी बघतात तशी मी बघत राहिले. ताम म्हणाले, "उजवीकडे वळायला सांगाल?" आणि मी काही विचार न करता हाक मारली. कोंडाजी, उजवीकडं. रस्ता वळला. एक मोठी मंडई आली, तिच्यावर घड्याळ. ते म्हणाले, पुढे. मी म्हटलं, कोंडाजी, पुढं. मंडई मागं पडली. आरसा उजेड वर नेतो, खाली नेतो, बाजूला नेतो. पुढं नेता येत नाही. हे मला तेव्हा सुचलंच नाही, पुढं कित्येक दिवसांनी भाकरी थापताना एकदम सुचलं आणि हात तिथंच थांबले.

इतकी वर्षं मी पाहुण्यांना दाखवत आले, त्या संध्याकाळी एक पाहुणा मला दाखवत होता. त्यांचा आवाज अगदी हलका झाला होता, झोपेत बोलल्यासारखा. हे बघा, इथे रात्रभर सूप मिळते. एका बाईनं झाकण काढलं आणि वाफेत तिचा चेहरा दिसेनासा झाला. ही नदी. काठाला होड्या, एकेकीवर एकेक कंदील, पाण्यात दिव्यांच्या ओळी हलत होत्या. इथे नाचगाणे चालते, मी कधी आत गेलो नाही, लान विचारायची, आत काय आहे. पायरीवर भडक ओठांची एक बाई पायातली उंच टाचेची चप्पल काढून पाऊल चोळत बसली होती. मला तिची कीव आली. हा उसाचा रस, तुमच्यासारखा. डावीकडे. आता उजवीकडे. मी नाव घेत होते आणि शहर सरकत होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. हात भरून आले होते आणि खाली घ्यावेसे वाटत नव्हते.

तेवढ्यात माझ्या खांद्याला कुणीतरी हात लावला.

हे होते. बाजूच्या दारानं आत येऊन चादरीमागं, माझ्याजवळ उभे राहिले होते. चेहरा दिसत नव्हता, विडीचा वास आला. कानाशी येऊन म्हणाले, "अगं, कुणाला हाका मारतीस? ऊन जाऊन लय येळ झाला."

मी म्हटलं, "उजेड तर…"

"आरसा माझ्या काखेत हाय," हे म्हणाले.

मी खाली हात न नेता कोपरानंच चाचपलं. गोणपाट लागलं, त्यातला आरशाचा काठ लागला. झोत दारातून येतच होता. मी तिकडं बघायचा प्रयत्न केला. डोळ्यांवर सरळ येत होता, त्यामागं काही दिसत नव्हतं, दाराची चौकटसुद्धा नाही. हे मला मागं ओढत होते. आणि चादरीच्या पलीकडून ताम म्हणाले, "बाई, इथून एक वळण. फक्त एक. डावीकडे आमची गल्ली आहे."

ह्यांनी माझा दंड घट्ट धरला. नको, एवढंच म्हणाले. मला कळत होतं की नको. जे काय बाहेर उभं आहे ते आपल्या नवऱ्याच्या नावाला ओ देतंय, हे कळत होतं. पण तो माणूस समोर हात जोडून उभा होता. एका वळणावर त्याची बायको होती, पोर होती, किंवा नव्हती. तुम्ही असतात तर काय केलं असतं मला ठाऊक नाही. मी हाक मारली.

"कोंडाजी…"

ह्यांचं नाव पुरतं घेऊन झालंही नव्हतं. डावीकडं मी म्हटलंच नाही. उजेड आपणहून वळला.

गल्लीत दिवे नव्हते. एकदम सगळी गर्दी संपली होती. दारं बंद, एका घराचं छप्पर खाली आलेलं, मध्येच विटांचा ढीग. वाससुद्धा बदलला, जळक्या लाकडाचा झाला. म्हणजे मघाचं शहर त्यांच्या आठवणीतलं असेल आणि हे आत्ताचं, असं मी आपलं नंतर समजून घेतलं. एक दार अर्धं उघडं होतं. आत चिमणीएवढा दिवा.

आत एक बाई पाठमोरी बसली होती. भिंतीशी उंच फळी, फळीवर उदबत्ती, वाटीत भात, आणि एक फोटो. फोटो तामसाहेबांचा होता. मला समजायला वेळ लागला, त्यांना लागला नाही. "मी मेलो असे समजतात," ते म्हणाले, आणि रडायला लागले, हसत हसत रडायला लागले. "बाई, त्या जिवंत आहेत. मीच मेलो आहे. चालेल. चालेल."

फळीखाली एक मुलगी होती. केस कापलेले, हातात वाटी. उजेड त्या घरात शिरला असावा, कारण तिनं वळून बघितलं आणि डोळ्यांवर हात घेतला. ताम मोठ्यानं ओरडले, "लान!" ते नाव लेण्यात घुमत राहिलं. मुलीनं हात बाजूला केला आणि डोळे बारीक करून बघितलं. आधी ओळखल्यासारखी हसली. मग तिच्या हातातली वाटी पडली. तोंड उघडलं, आवाज आला नाही. आईनं उठून तिला पोटाशी ओढलं आणि दार लावून घेतलं, आणि चादर काळी झाली. सगळं लेणं काळं झालं.

अंधारात ताम म्हणाले, "उजेडाने घाबरली. लहान आहे."

आम्ही एकमेकांना धरून बाहेर आलो. कट्ट्यावर कुणी नव्हतं. चादर ओलीचिंब होती, चौकट पेलवेना, ती तिथंच सोडली. हे पुढं, मधे मी, मागं ताम. पायऱ्या उतरताना ते सारखे बोलत होते. किती मोठी झाली. आईसारखी उभी राहते. आता मी कसाही जाईन. त्यांच्या चपला फटफट वाजत होत्या, आणि इतक्या भीतीतही मला बरं वाटत होतं. म्हटलं, आपल्या हातून एका माणसाला एवढं तरी मिळालं. मग ते बोलायचे थांबले. चपला वाजतच होत्या. मला वाटलं दमले असतील. पायथ्याशी, बाभळीपाशी, मी मागं वळून म्हटलं, तामसाहेब, आज जेवूनच जा. मागं कुणी नव्हतं.

वस्तीतली माणसं कंदील घेऊन वर गेली. धोंडीराम होता, केरू होता, सगळे पहाटेपर्यंत डोंगर चाळत होते. दुसऱ्या दिवशी पोलीस आले, त्यांनी विहिरीसुद्धा बघितल्या. झोळी विहारात तशीच होती. शेवटी असं ठरलं की माणूस घरच्या ओढीनं रस्त्यावर जाऊन मुंबईच्या ट्रकमध्ये बसला असेल. आम्हाला बरं वाटावं म्हणून लोक म्हणाले, आणि आम्ही ते धरून ठेवलं. मी तर मनात त्यांना घरी पोचवूनही टाकलं होतं. दार उघडतंय, पोरगी धावतेय, असं कितीदा बघितलंय मी चुलीपुढं बसून.

ह्यांनी आरसा भंगारात परत देऊन टाकला. मला म्हणाले, माझं नाव आता कुठंच घेऊ नकोस. घेतलं नाही. आज तुम्हाला सांगतानाच काय ते घेतलं. त्र्याऐंशीला हे गेले. शेवटी शुद्ध नव्हती, दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, नावानं हाक मारा, कधी कधी ऐकतात. मी तोंड कानाशी नेलं आणि नुसतं अहो म्हटलं. नाव घेतलं असतं तर कुणी ओ दिली असती, याची मला खात्री नव्हती. त्याचं दुःख अजून आहे.

आता तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट. गेल्या थंडीपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

गेल्या थंडीत दुपारच्या वेळेला दारापुढं टॅक्सी थांबली आणि एक मुलगी उतरली. एकोणीस-वीसची असेल. तिचा चेहरा बघितला आणि माझ्या हातातलं सूप खाली पडलं, सगळे तांदूळ अंगणभर. टॅक्सीवाल्याला थोडं इंग्रजी येत होतं. तो म्हणाला, आजी, ह्या फ्रान्समधून आल्यात, ह्यांचे वडील नाशकात हरवले होते म्हणे, पुण्यापासून माग काढत आल्यात. घरी ते कधी आलेच नाहीत. एवढं सांगून तो गाडीत पाणी घालायला हापशावर गेला.

मी तिथंच सांडलेल्या तांदळांत बसले. तेरा वर्षं मी त्या माणसाला घरी पोचवून ठेवलं होतं.

आम्हा दोघींना एकमेकींची भाषा नव्हती. ती माझ्यापुढं बसली आणि तिनं माझे हात हातात घेतले. उलटे केले. लहानपणी आईनं बोटांच्या पेरांवर हिरवे ठिपके गोंदवले होते माझ्या, हे बघा, अजून आहेत. तिनं एकेका ठिपक्यावर बोट ठेवलं, मोजल्यासारखं. मग तिनं दोन मुठी लांब धरल्या, मी चौकट धरायचे तशा, बोटं पुढं. मला कळलं. त्या रात्री तिच्या घरातून तिला उजेडाच्या दोन कडांना माझी फक्त बोटं दिसली होती. म्हणजे मी तिला बघत होते तेव्हा तीही आमच्या लेण्यात बघत होती.

तिनं पर्समधून फोटो काढला. तोच, फळीवरचा. उठून आमच्या भिंतीशी गेली आणि आपल्या कपाळाच्या उंचीवर तो धरला. ताम तेवढेच होते. फोटोकडं बोट दाखवलं, आपल्या डोळ्यांकडं दाखवलं. हो, मी मान हलवली, तुला वडील दिसले. तिनंही मान हलवली. मग तिनं दुसरा हात वर नेला आणि वरून, अगदी सावकाश, स्वतःच्या खांद्यावर आणून ठेवला. माझ्याकडं बघितलं. विचारत होती, हा कोण?

मी म्हटलं, कुणी नव्हतं गं. आम्ही दोघं चादरीमागं होतो. तिथं दुसरं कुणी नव्हतं. तिला काय कळणार. मी मान हलवत राहिले, कुणी नाही, कुणी नाही. तिला वाटलं मला माणूस लक्षात येत नाहीये. म्हणून मला नीट कळावं असं करून ती दाखवायला लागली. वडिलांचा फोटो तसाच कपाळाशी धरला, आणि त्याच्या मागं जो उभा होता त्याची उंची दाखवायला दुसरा हात वर नेला. डोक्याच्या वर. मग टाचा उचलल्या. आमची वळचण ठेंगणी आहे, तिची बोटं कौलांना लागली.

आणि कौलांना हात लावून ती माझ्याकडं बघत नाही नाही अशी मान हलवत होती. अजून वर. अजून वर.